व्यवहारातील इंग्रजी शब्द आणि आपण

(अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत भरलेल्या ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस ह्या व्यासपीठावर पाचारण केले तेव्हा विषय निवडण्याची पूर्ण मोकळीक दिली होती. निवृत्त शिक्षकाने अशा प्रसंगी संस्कार, शिस्त किंवा वाचनाची आवड ह्यांपैकी एखाद्या विषयावर बोलावे अशी रीत आहे. ती रीत आज आम्ही मोडणार आहो. आम्ही बोलणार आहो ते 'अप', 'डाउन', 'ऑफ' आणि 'आउट' ह्या चार-पाच चिमुकल्या इंग्रजी शब्दांविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ह्याच वसाहतीत, येथून हाकेच्या अंतरावर, ह्यांतील एका शब्दामुळे आपल्या एका ज्ञातिबांधवाच्या कारखान्यातील रात्रपाळी सात आठवडे बंद राहिली, आणि त्या अनर्थाचा काही वाटा आमच्याही पदरी आहे. म्हणून हा विषय निवडला.

प्रथम घडले ते सांगतो. २०१९ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. कारखाना टेरी टॉवेलांचा. मालक आपल्याच समाजाचे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कार्यालयात पत्रव्यवहार पाहण्यास एक तरुण होता. तो आमचा विद्यार्थी. पाचवी ते सातवी आमच्या हाताखाली शिकला, पुढे बी. कॉम. झाला, अक्षर सुरेख, वृत्तीने सालस. परदेशी ग्राहकाकडून मागणी आली होती आणि तिचा पहिला हप्ता रवाना झाला होता. दुसऱ्या हप्त्याच्या सुमारास ग्राहकाची ई-मेल आली. तीत एक वाक्य असे होते : 'प्लीज होल्ड ऑफ ऑन द सेकंड लॉट अंटिल वुई साइन ऑफ ऑन द शेड.'

मुलाने वाक्य वाचले. त्यात त्यास न येणारा असा एकही शब्द नव्हता. 'होल्ड' म्हणजे धरणे. 'सेकंड लॉट' म्हणजे दुसरा हप्ता. 'अंटिल' म्हणजे पर्यंत. 'साइन' म्हणजे सही करणे. राहिला 'शेड', तर औद्योगिक वसाहतीत वाढलेल्या मुलास शेड म्हणजे काय हे का सांगावयास हवे? परदेशी ग्राहकांची माणसे अधूनमधून कारखाना पाहावयास येतात, आग विझविण्याची साधने तपासतात, कागदांवर सह्या करतात, हेही त्याने पाहिले होते. त्याने मालकांस अर्थ सांगितला : "दुसरा लॉट तयार धरून ठेवा, ते लोक येऊन शेडवर सही करणार आहेत." मालकांनी सूत रंगावयास पाठविले आणि दोन्ही पाळ्यांत माग चालू ठेवले.

वस्तुतः ग्राहकाने लिहिले होते ते ह्याच्या नेमके उलट. रंगाच्या छटेस आमची मान्यता मिळेपर्यंत दुसऱ्या हप्त्याचे काम थांबवून ठेवा, असा त्याचा अर्थ. छटा पुढे नापसंत झाली. विणून तयार झालेला माल गठ्ठ्यांनी पडून राहिला, पैसा त्यात अडकला, आणि रात्रपाळीच्या अकरा माणसांना घरी बसावे लागले. त्या अकरांत त्या मुलाचा सख्खा मामा होता.

एके सायंकाळी मुलगा आमच्या घरी आला. बराच वेळ काही बोलेना. मग खिशातून तो कागद काढून म्हणाला, "गुरुजी, ह्यातला प्रत्येक शब्द तुम्हीच मला शिकवला होता." त्याच्या बोलण्यात दोषारोप नव्हता. तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. आम्ही ते वाक्य वाचले आणि, खोटे कशास सांगावे, 'साइन ऑफ' ह्याचा अर्थ आम्हांसही तेव्हा नीटसा सांगता आला नाही. कोश काढून पाहावा लागला.

मंडळी, आम्ही केवळ मॅट्रिक. पुढे शिक्षकाची पदविका घेतली आणि आयुष्य प्राथमिक शाळेत काढले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. २००० सालच्या जूनपासून ती महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झाली, आणि ज्यांनी स्वतः पाचवीत अक्षरे गिरवली त्या आमच्यासारख्यांवर पहिलीच्या मुलांना ती भाषा शिकविण्याची पाळी आली. आम्ही काय केले? जे आम्हांस शिकविण्यात आले होते तेच केले. फळ्यावर डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये उभी रेघ. रोज दहा शब्द. दुसऱ्या दिवशी उभे करून विचारावयाचे. ज्यास दहाच्या दहा आले तो हुशार. होल्ड – धरणे, पुट – ठेवणे, कॉल – बोलावणे, टर्न – वळणे, रन – धावणे. ही उभी रेघ आम्हांस आज डोळ्यांपुढे दिसते. जणू शब्द हे सुटे मणी आहेत आणि प्रत्येकाची किंमत ठरलेली आहे, अशी समजूत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनांत भरून दिली. ती रेघ त्या ई-मेलमधील वाक्याच्या आड आली.

येथे कोणी म्हणेल की, आता हाती मोबाईल आहे, त्यास विचारले की तो तत्काळ भाषांतर करून देतो, मग एवढा खटाटोप कशासाठी? आम्हीही त्या मुलास हाच प्रश्न केला. त्याचे उत्तर ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तो म्हणाला, "न येणारा शब्द असता तर विचारले असते." जो शब्द येत नाही तो माणूस शोधतो, जो येतो असे वाटते तो कोण शोधणार? कठीण शब्द मनुष्यास सावध करतात. सोपे शब्द बेसावध गाठतात.

ह्या जोडशब्दांची अडचण केवळ आपलीच आहे असे मात्र समजू नये. डॉ. सॅम्युअल जॉन्सन ह्यांनी १७५५ साली आपला सुप्रसिद्ध इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच कबूल केले आहे की, क्रियापदास एखादे लहानसे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची जी इंग्रजीची खोड आहे तीच परक्या माणसास सर्वांत अधिक जड जाते. ह्या प्रकारास इंग्रजी व्याकरणात आज जे 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ आहे ते लोगन पिअरसॉल स्मिथ ह्यांच्या १९२५ सालच्या पुस्तकाने प्रचारात आणले. आम्ही आमच्या वर्गात त्यास साधेपणाने 'जोडक्रियापद' म्हणतो.

ह्याहून मौजेची गोष्ट ऑग्डेन नामक इंग्रज पंडिताची आहे. परकीयांसाठी इंग्रजी सोपी करावी ह्या हेतूने त्यांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' नावाची योजना मांडली. साऱ्या भाषेतून निवडून अवघे ८५० शब्द! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, खुद्द चर्चिलसाहेबांनी तिची भर सभेत तरफदारी केली. आता ८५० शब्दांत जगाचा व्यवहार कसा भागावा? ऑग्डेनसाहेबांनी युक्ती केली ती अशी की, क्रियापदे फक्त अठरा ठेवली – कम, गो, गेट, गिव्ह, कीप, पुट, टेक इत्यादी – आणि बाकीच्या शेकडो क्रियापदांचे काम ह्या अठरांना अव्यये जोडून करून घेतले. 'एंटर' नको, 'गो इन' म्हणा. 'पोस्टपोन' नको, 'पुट ऑफ' म्हणा. कागदावर शब्दसंख्या घटली खरी. परंतु शिकणाऱ्यापुढे कोडे तसेच उभे राहिले. 'पुट' येतो, 'ऑफ' येतो, म्हणून 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे हे कसे उमगावे? 'पोस्टपोन' हा शब्द एकदा पाठ केला की पुरे, तो दगा देत नाही. आमच्या मते इंग्रजाला जे सोपे वाटते ते सोलापूरच्या मुलाला सोपे असेलच असे नाही, ही गोष्ट ऑग्डेनसाहेबांच्या ध्यानात यावयास हवी होती.

ह्याउलट मायकेल वेस्ट हे गृहस्थ आपल्या देशात राहून शिकले. ते ढाक्याच्या अध्यापक विद्यालयात होते, आणि बंगाली मुले इंग्रजी कशी शिकतात हे वर्षानुवर्षे पाहून त्यांनी वाचनमाला रचल्या. १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. तीत नुसता शब्द देऊन ते थांबले नाहीत. एकेका शब्दाचे निरनिराळे अर्थ छापील मजकुरात किती प्रमाणात येतात, तेही त्यांनी दिले. अर्थात् एका शब्दापुढे एकच अर्थ लिहून मधली रेघ ओढणे किती फसवे आहे, हे आम्ही शाळेत जाण्यापूर्वीच कोणीतरी दाखवून दिलेले होते. ते आमच्यापर्यंत पोहोचावयास आम्ही निवृत्त व्हावे लागले.

असो. आता आपल्या घरात येऊ.

आपला पद्मशाली समाज तेलंगणातून ह्या शहरी आला तो हातमाग घेऊन. आमचे आजोबा, ज्यांना आम्ही 'तात' म्हणत असू, येथे आले तेव्हा त्यांना मराठीचा गंध नव्हता. त्यांच्यासाठी ना वर्ग होता ना पुस्तक. सावकाराकडे सूत आणावयास जाता-येता ते मराठी शिकले, आणि शिकले ते सुटा शब्द म्हणून नव्हे, तर बोलाचे आख्खे तुकडेच्या तुकडे म्हणून. 'उद्या बघू', 'देऊन टाका', 'राहू द्या', 'चालून जाईल'. ह्यांतील 'टाका' म्हणजे फेकणे आणि 'चालून' म्हणजे पायांनी, असा अर्थ त्यांनी कधीच केला नाही. केला असता तर सावकाराने सूत रस्त्यावर फेकावयास सांगितले असे समजून ते घरी आले असते! अक्षरशत्रू तात जे बिनबोभाट शिकले ते आमच्या पदवीधर विद्यार्थ्यास इंग्रजीत साधले नाही. कारण उघड आहे. तातांच्या आड आमची रेघ नव्हती.

हा विचार मनात आला आणि आम्हांस एकदम वाट दिसली. इंग्रजीतील ही जोडक्रियापदे मुलांना परकी वाटतात. पण आपल्या दोन्ही भाषांत त्यांचे भाईबंद आहेत. मराठीत आपण म्हणतो, 'त्याने सगळे खाऊन टाकले.' येथे काहीही टाकलेले नाही. उलट पोटात घातले आहे. 'टाकणे' येथे काम पुरे झाल्याची खूण करते. आपल्या घरच्या तेलुगूत आपण म्हणतो 'तिनेसिंडु'. हा शब्द उसवून पाहा : 'तिनु' म्हणजे खाणे आणि त्यास जोडलेले 'वेयु', म्हणजे टाकणे. अगदी तीच रचना! आणि इंग्रज काय म्हणतो? 'ही एट इट अप.' त्याने 'अप' जोडले एवढाच फरक. 'सांगून टाक' म्हणजे 'चेप्पेय्'. 'होऊन गेले' म्हणजे 'अयिपोयिंदि', ज्यात 'पोवु' म्हणजे जाणे आहे. आणि त्याकरिता इंग्रज 'इट इज ओव्हर' म्हणून मोकळा होतो. आपण क्रियापदास क्रियापद जोडतो, तो क्रियापदास अव्यय जोडतो. ज्या मुलाच्या डोक्यात ही सोय दोन भाषांत जन्मापासून आहे त्याला तिसऱ्या भाषेत ती दाखवून देणे एवढेच शिक्षकाचे काम उरते.

एवढेच नव्हे, तर इंग्रजी जोडक्रियापदे आपल्या समाजाच्या तोंडी पूर्वीपासून आहेत. १८७७ साली येथे सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून ह्या शहराने भोंग्याबरोबर इंग्रजी शब्दही ऐकले. (१९३० साली शहरावर 'मार्शल लॉ' पुकारला गेला तेव्हा ते दोन शब्द तर ज्याने शाळेचे तोंड पाहिले नव्हते त्यालाही पाठ झाले; परंतु ती वेगळी आणि दुःखद कथा आहे.) गिरणी कामगाराला 'लेऑफ' ठाऊक होता, 'लॉकआउट' ठाऊक होता. मागवाल्याला 'ब्रेकडाउन' ठाऊक आहे. 'चेकअप', 'पिकअप', 'सेटअप' हे शब्द आपल्या आयाबहिणीही वापरतात. आपण ते नामे म्हणून वापरतो, म्हणून त्यांच्या पोटात दोन शब्द आहेत हे कळत नाही. 'लेऑफ' उसवला की 'ले' आणि 'ऑफ'. कामावरून बाजूस ठेवणे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती होऊन अशा बाजूस ठेवलेल्या कामगारास निम्म्या वेतनाची भरपाई देण्याची तरतूद झाली. मात्र पन्नासांहून कमी कामगारांच्या कारखान्यास ती लागू नव्हती. म्हणून त्या अकरा माणसांच्या घरी सात आठवडे त्या शब्दाचा अर्थ फार चांगला समजला, आणि भरपाई मात्र मिळाली नाही. मालकांनी आपल्या परीने उचल दिली, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

२०२० सालच्या जानेवारीत आम्ही ह्याच वसाहतीत एका शेडच्या पोटमाळ्यावर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी नऊ जण आले. त्यांत तो मुलगा होताच. मार्चअखेर साऱ्या देशाला आणखी एक जोडशब्द शिकावा लागला, 'लॉकडाउन', आणि वर्ग बंद पडला. २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. आता कार्यालयांतील मुले येतात, शिवण विभागातील मुली येतात, आणि विडी वळून घर चालविणाऱ्या दोन-तीन माउल्याही मुलांबरोबर येऊन बसतात.

वर्गात आम्ही उभी रेघ ओढत नाही. क्रियापदाकडून आरंभ न करता शेपटाकडून करतो. 'ऑफ' घेतला तर त्यात बहुधा तुटणे, सुटणे, थांबणे, दूर होणे ह्यांपैकी काही असते. 'स्विच ऑफ', 'कट ऑफ', 'ले ऑफ', 'पुट ऑफ', 'कॉल ऑफ' म्हणजे ठरलेले रद्द करणे, 'होल्ड ऑफ' म्हणजे दूर थांबून राहणे, 'साइन ऑफ' म्हणजे सही करून आपल्याकडून मोकळे करणे. 'आउट' मध्ये बाहेर पडणे किंवा संपून जाणे. येथे क्रिकेटचा फार उपद्रव होतो. 'वुई रॅन आउट ऑफ यार्न' ह्याचा अर्थ एका मुलाने 'सुताने आम्हांस धावचीत केले' असा सांगितला. सूत संपले की मागवाला खरोखरच बाद होतो, तेव्हा आम्ही त्यास अर्धे गुण दिले. 'अप' मध्ये पुरेपणा येतो : 'यूज अप', 'ड्राय अप', आणि माल साचत जातो तो 'पाइल अप'. टेरी टॉवेलच्या फासांनाही आपण 'पाईल'च म्हणतो, पण तो शब्द निराळा. वर्गात ह्यावरून बराच वाद झाला.

नियम मात्र सर्वत्र चालत नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो. दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो. परंतु भोंगा 'गोज ऑफ' म्हणजे वाजू लागतो, आणि दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासते. असे का, म्हणून एका मुलीने विचारले. आम्ही तिला विचारले की, मराठीत दिवा 'गेला' म्हणजे विझला, गाडी 'गेली' म्हणजे सुटली आणि माणूस 'गेला' म्हणजे वारला, असे का? ती हसली, आमच्याकडेही ह्यापलीकडे उत्तर नव्हते.

'शेड' ह्या शब्दावर एक संपूर्ण रविवार गेला. आपण कारखान्याच्या इमारतीस शेड म्हणतो. मागावर उभ्या ताण्याचे धागे वर-खाली होऊन धोटा जाण्यास जी फट पडते तीही शेड. रंगाची छटा ती शेड, पण तिचे स्पेलिंग निराळे आणि उच्चारही किंचित लांब. देवनागरीत लिहिताना आपण हा भेद पुसून टाकतो. टॉवेलातून तंतू गळतात त्यास ग्राहक 'शेडिंग' म्हणतो, आणि वीजमंडळाच्या कृपेने 'लोडशेडिंग' तर आपल्याला पाठच आहे. गळणे आणि भार कमी करणे ह्यांचे मूळ एकच आहे, हे त्या दिवशी मुलांना फार आवडले. ज्या शब्दाने सात आठवड्यांची रात्रपाळी खाल्ली त्याचे हे पाच अवतार त्या मुलाने स्वतः फळ्यावर लिहिले.

शिवण विभागातील मुली टॉवेलास जी चिठ्ठी लावतात तीवर धुण्याच्या सूचना छापलेल्या असतात. हजारो चिठ्ठ्या त्यांच्या हाताखालून जातात, पण वर काय लिहिले आहे ते कोणी वाचले नव्हते. आम्ही एक चिठ्ठी वाचावयास दिली. 'डू नॉट रिंग' हे ऐकून एकीने अर्थ सांगितला, 'अंगठी घालू नये'; दुसरीने सांगितला, 'फोन करू नये'. तो शब्द 'डब्ल्यू' ह्या अक्षराने सुरू होतो, ते अक्षर उच्चारले जात नाही, आणि अर्थ आहे 'पिळू नये'. आता त्या मुली आपल्या हाताने लावलेली चिठ्ठी वाचू शकतात. पगार त्याने वाढला नाही. तरी पण त्यांतील एकीने आम्हांस सांगितले की, चिठ्ठी उलटी लागलेली तिला आता लांबूनच कळते.

आपल्याकडील काही वापर इकडचेच आहेत, त्यांविषयीही सावध राहावे. नोकरीच्या अर्जात आपली मुले 'आय पास्ड आउट इन २०१८' असे लिहितात. हिंदुस्थानात ह्याचा अर्थ पदवी घेऊन बाहेर पडलो असा सर्वांस समजतो. इंग्लंडात मात्र वाचणारा म्हणेल की, हा गृहस्थ २०१८ साली बेशुद्ध पडला. इकडे लिहावयाचे असेल तर खुशाल लिहावे. कागद समुद्रापार जाणार असेल तर 'ग्रॅज्युएटेड' लिहावे. 'प्रीपोन' हा आपला शब्द मात्र आम्हांस आवडतो. 'पोस्टपोन' आहे तर 'प्रीपोन' का नसावा? ह्या बाबतीत आम्ही इंग्रजांची पर्वा करीत नाही.

आता एक कटु गोष्ट. आपल्या समाजात मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालण्याची अहमहमिका लागली आहे. विणकराच्या आणि विडी कामगाराच्या घरात ज्या शाळेची फी पेलत नाही तेथे कर्ज काढून प्रवेश घेतला जातो. आईबापांची आकांक्षा आम्ही जाणतो आणि तिचा अनादर करीत नाही. परंतु ह्यांतील पुष्कळ मुले आमच्या वर्गात येतात तेव्हा काय दिसते? इंग्रजी पाठ्यपुस्तकातील उत्तरे घडाघडा म्हणतात आणि 'टर्न इट डाउन' म्हणावे की 'टर्न डाउन इट' ह्यावर अडतात. (पहिले बरोबर; 'इट' सारखे सर्वनाम असल्यास ते मध्येच आले पाहिजे.) शिवाय त्यांना 'तिनेसिंडु' मधील 'वेयु' दिसत नाही, कारण घरची तेलुगू तुटक झाली आहे, आणि 'खाऊन टाकणे' ह्यातील 'टाकणे' दिसत नाही, कारण मराठी वाचण्याची सवय नाही. दोन भक्कम पायऱ्या काढून घेऊन तिसरीवर उडी मारावयास सांगितल्यासारखे हे आहे. आपण घरी मुलांशी तेलुगूत बोलणे गावंढळपणाचे समजू लागलो असलो, तर त्यात इंग्रजीचेही नुकसान आहे, एवढे आमचे ह्या वयाचे मत ऐकून ठेवावे. पटले नाही तर सोडून द्यावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले असे कोणी विचारील. मालकांनी त्यास काढले नाही. "चूक त्याची, पण कागद मीही पाहिला होता," असे ते आम्हांस म्हणाले. पडून राहिलेला माल त्यांनी पुढे देशी बाजारात कमी भावाने विकला. मामा-भाच्यांचे बोलणे दीड वर्ष बंद होते. श्रावणी पौर्णिमेस मार्कंडेय महामुनींच्या रथाच्या मिरवणुकीत दोघे शेजारी आले आणि सुरू झाले. मुलगा आजही त्याच खुर्चीवर आहे. आता ग्राहकाचे पत्र आले की तो प्रथम लहान शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारतो, आडवी. आणि जेथे शंका येईल तेथे उत्तरादाखल ग्राहकासच विचारतो की, तुमच्या म्हणण्याचा आम्ही असा अर्थ समजलो, तो बरोबर आहे काय? ह्यात त्यास पूर्वी कमीपणा वाटे. ग्राहकांनी मात्र आजवर कधी नाक मुरडले नाही.

वर्ग दर रविवारी सकाळी नऊ वाजता भरतो. फी नाही. येताना पाठ्यपुस्तक आणू नये. आपापल्या कारखान्यातील एखादे पत्र, बिल, चिठ्ठी, यंत्रावरील सूचनेची पाटी उतरवून घेतलेला कागद, औषधाचे वेष्टन, जे हाताशी असेल ते आणावे. गेल्या रविवारी एक माउली नातवाच्या दवाखान्याचा कागद घेऊन आल्या होत्या. त्यावर 'फॉलो अप आफ्टर टू वीक्स' असे लिहिले होते, आणि दोन आठवड्यांनी कोणी तरी आपल्या मागे येणार आहे की काय, अशी त्यांना धास्ती पडली होती. पुन्हा दाखवावयास या, एवढाच त्याचा अर्थ. तो दिवस येत्या मंगळवारी आहे, आणि त्या नातवास घेऊन जाणार आहेत.